गिळू नका, बोलू नका

— नाही काका, ‘हं’सुद्धा नको. ‘हं’ म्हटलं की गळा वर जातो, गळा वर गेला की गाठ वर जाते, आणि माझी सुई बसते खाली वाट बघत. मघाशी सांगितलं ना — सुई आत असेपर्यंत बोलायचं नाही, गिळायचं नाही, खोकला आलाच तर आधी हात वर करायचा. नुसता हात. हां, असा. आता बघा — मान नका वळवू, डोळ्यांनीच बघा — पडदा मुद्दाम तुमच्या बाजूला ठेवलाय. तो काळा गोल दिसतोय ना, ती तुमची गाठ. आणि हे माझ्या डाव्या हातात आहे, दाढीच्या मशीनएवढं, हेच सोनोग्राफीचं यंत्र. अख्खं. पूर्वी याच कामाला कपाटाएवढं धूड ढकलत आणावं लागायचं, त्याचं एक चाक कायम रुसलेलं, आणि ते खोलीत शिरेपर्यंत पेशंट घाबरून अर्धा झालेला. आता खिशातून काढलं, टॅबला जोडलं, जेल फासलं की झालं. जेल गार लागतंय? सगळे तेच म्हणतात. तुम्ही म्हणू नका.

ती तिरकी पांढरी रेघ येतेय बघा, ती माझी सुई. बाजूला धडधडतेय ती रक्तवाहिनी — तिच्या वाटेला जायचं नाही, म्हणून तर हा सगळा खटाटोप. पोचले. थोडं पाणी निघतंय, म्हणजे दिसायला तरी गरीब गाठ आहे — शपथेवर नाही सांगणार, रिपोर्ट आल्यावरच सांगेन, पण माझ्या घरच्या कुणाला असती तर मला रात्री झोप लागली असती. छान. किती गुणी पेशंट आहात तुम्ही, मला वाटलंच नव्हतं. आज घरी गेल्यावरही घशाला जरा विश्रांती द्या. उद्याचा पेपर मनातल्या मनात वाचा, आणि टेंडरच्या नोटिसा तर मोठ्यानं अजिबात नकोत —

डोळे एवढे मोठे करू नका, भुवयांबरोबर गळाही हलतो. मला कसं माहीत? अहो, पेपर मोठ्यानं सगळेच वाचतात. टेंडरच्या नोटिसा? बरं, त्या सगळे नाही वाचत, मान्य. थांबा, सुई काढू दे. ही काढली. ही ट्रेमध्ये ठेवली — नीट बघून घ्या, हातात सुई धरून सांगितलं असं उद्या कुणी म्हणायला नको. सिस्टर, स्लाइड नेता लगेच? हो, दार ओढून घ्या. काका, हा कापूस मी दाबून धरलाय, बोलायचं अजूनही नाही.

मला टेंडरच्या नोटिसा तुमच्या मुलानं सांगितल्या. बाहेर बाकावर बसलाय तोच, तुम्हाला दुसरा कुठे आहे? दोन वर्षं ओळखतो आम्ही एकमेकांना. नुसतं ओळखतो असं नाही — तुम्हाला कळलंय, काका, कपाळावरच्या आठ्या सांगतायत. आज मी अवाक्षर काढणार नाही असं त्याला वचन दिलं होतं. आमचे दुसरे डॉक्टर रजेवर आहेत, नाहीतर तुमच्या गळ्याला मी हातही लावला नसता. तो भित्रा आहे असं नका समजू. ऑफिसात साहेबाला तोंडावर सुनावतो. तुमच्यासमोर मात्र मूग गिळून बसतो, कारण तुम्ही त्याला वाक्य पुरं करू देता कुठे? ‘बाबा, मला एक मुलगी’ एवढं म्हणाला, तर तुम्ही मागच्या घरातली मुलगी परदेशात गेली तिथून जे सुरू झालात ते जेवणं होईपर्यंत. ‘बाबा, लग्नाचं’ म्हणाला, तर तुमच्या लग्नात बस कशी पंक्चर झाली ते. मला तो किस्सा पाठ आहे — ड्रायव्हरकडे जॅकच नव्हता. हसू नका, हलतंय.

आणि आता येत्या रविवारी तुम्ही तुमच्या एका मित्राला होकार कळवणार, त्याच्या मुलीसाठी. तुमच्या मुलाच्या वतीनं. त्याला विचारलंत? नाही विचारलंत. मला दुसऱ्या गावच्या हॉस्पिटलनं नोकरीला बोलावलंय, मी त्याला सांगून टाकलं की रविवारपर्यंत तू बोलला नाहीस तर मी जाते. रागानं म्हटलं. जायचं अजिबात नाहीये, काका. त्याच्याशिवाय मला करमणार नाही, झालं, सांगितलं. मला घालवायची असेल तर घालवा, पण तुमच्या बडबडीखाली चेंगरून जायचं, हे मला पटत नाही. आधी त्याचं एक वाक्य पुरं ऐका आणि मग नाही म्हणा.

खरं सांगू? सुई निघाल्यावर बोललं तरी चालतं. कापूस दाबतानाही चालतं. हा नियम वैद्यकीय नव्हता, माझाच होता. आता बोला. रागवा हवं तर. तक्रार करायची असेल तर ऑफिस खालच्या मजल्यावर आहे. काका? बोला ना. अहो, आवाजाची नस तिथेच बाजूला असते — ‘ई’ म्हणा बघू, लांब. हां. आवाज शाबूत आहे. मग बोलत का नाही?

काय? ... त्याला आत बोलवू? आणि तुम्ही?

नक्की? एक शब्दही नाही?

बरं. कापूस तुम्हीच धरा. अरे, ये आत. बाबा ठीक आहेत. बस, त्या स्टुलावर बस. त्यांना सगळं — नाही, सगळं नाही, थोडंसं माहीत आहे. रागावू नकोस, नंतर रागाव. काय? गाडी सावलीत लावलीय? गाडीचं कोण विचारतंय तुला? काका, तुम्ही नाही. ओठ मिटा. मीही गप्प बसते, ही बघ बसले. दोन वर्षं थांबलायस ना? बोल. ते ऐकतायत.