सहलीहून आणलेली मुलगी

(शाळेचे कार्यालय. पहिलीच्या सहलीची गाडी नुकतीच परतली आहे.)

आई : ही माझी मुलगी नाही.

मुख्याध्यापक : आपण आधी बसा. दिवसभर उन्हात फिरून लेकरू कोमेजलं आहे, म्हणून चेहरा निराळा दिसत असेल.

आई : सर, कोमेजलं तरी नाक बदलत नाही. माझी ठकी कुठे आहे?

वर्गशिक्षिका : पण गणवेश आपलाच आहे. निळा फ्रॉक, पांढरी कॉलर. मी स्वतः डोकी मोजून गाडीत बसवली. संख्या बरोबर भरली.

आई : संख्या माझ्या घरी जेवायला येत नाही, बाई.

मुख्याध्यापक : प्राणिसंग्रहालयात दुसरी एखादी शाळा होती का?

वर्गशिक्षिका : होती. यंदा सगळ्या शाळांना कापड एकाच ताग्यातलं मिळालं ना, सर. माकडांच्या पिंजऱ्यापुढे मुलं एकमेकांत मिसळली. निघायची घाई होती. निळं दिसेल ते मी गोळा केलं.

आई : वाळत घातलेलं धुणं गोळा करावं, तसं.

वर्गशिक्षिका : बाळ, अगं, तू काही बोलली का नाहीस?

मुलगी : तुम्ही म्हणालात, गाडीत तोंडावर बोट.

आई : आणि वर्गातली बाकीची मुलं? त्यांनाही ही अनोळखी वाटली नाही?

वर्गशिक्षिका : एक मुलगा सारखा म्हणत होता, ही आपली नाही. मी त्याला समजावलं, असं कुणाला म्हणू नये, आपण सगळे सारखे. तरी ऐकेना, तेव्हा त्याला मागच्या सीटवर बसवलं.

मुख्याध्यापक : मी त्या शाळेला फोन लावतो. ताई, आपला संताप रास्त आहे. परंतु गणवेश सक्तीचा असावा, यावर पालकसभेत सर्वांत प्रभावी भाषण आपलंच झालं होतं. श्रीमंताचं मूल कोणतं आणि गरिबाचं कोणतं, हे शिक्षकाला ओळखूच येऊ नये, असं आपण म्हणालात. टाळ्या मी सुरू केल्या होत्या.

आई : म्हणाले, आणि आजही म्हणेन. मात्र मूलच ओळखू येऊ नये, असं मी म्हटलं नव्हतं. ठरावाला एवढं स्पष्टीकरण जोडावं लागेल, हे आजवरच्या माझ्या वाचनात कुठे आलं नाही.

मुख्याध्यापक : हॅलो. हो, इथेच आहे, सुखरूप आहे. आणि आपल्याकडे? ...ताई, तिथेही मुलीला न्यायला आलेले एक वडील अडून बसलेत. त्यांच्यापुढे उभी केलेली मुलगी रडते आहे.

आई : तीच. फोन द्या इकडे.

मुख्याध्यापक : एक क्षण. खात्रीसाठी तिथल्या मुख्याध्यापिका वर्णन मागताहेत. कपड्यांचं नको म्हणतात, चेहऱ्याचं हवं. शाळेच्या माणसानेच सांगावं, असा त्यांचा नियम आहे. बाई, पाच महिने आपल्यासमोर बसते ती. सांगा.

वर्गशिक्षिका : ती... नेहमी नीटनेटकी असते, सर.