गाडीच्या कपाळावरचं नाव

न्हाई, पुसायचं न्हाई. वरून दुसरा रंग बी मारायचा न्हाई. खरवडायचं, पेंटर — पत्रीनं खरवडा, पार फळीचं लाकूड दिसंपर्यंत. किती बार विचारताल? अक्षर चांगलं हाय, मला बी दिसतंय. तुमच्याच हातचं हाय, म्हणून तर तुमच्याकडं आणलंय. पिवळी अक्षरं, त्याला लाल सावली, शेवटाला मोर — मोर ठेवा वाटल्यास, मोरानं माझं काय वाकडं केलेलं न्हाई. पण ते 'आबासाहेबांची कृपा' तेवढं जाया पाहिजे. आज, आता, माझ्या डोळ्यापुढं. इंजिन बंद केलंय मी, बघा — आन् ह्या गाडीचं इंजिन बंद करणं म्हणजे काय असतंय, तुमाला ठाव न्हाई, परत चालू करायला निम्मं गंगाखेड ढकलायला लागतंय — तरी बंद केलंय. त्यावरून काय ते समजा.

नावानं काय होतंय म्हणता? पेंटर, तुमी तर हे म्हणूच नका. आख्खा मराठवाडा एका नावावरून पेटलाय. विद्यापीठाच्या कमानीवर कोणाचं नाव असावं त्याच्यापायी घरं जळाली, माणसं मेली, लोकं जेलात जायलेत. बसस्टँडापुढच्या भिंतीवर 'नामांतर झालंच पाहिजे' तुमीच लिवलं, आन् पुलापल्याडच्या भिंतीवर 'होऊ देणार नाही' ते बी तुमीच लिवलं — हसू नका, तुमच्या 'न'ची शेपटी मी कोसावरून ओळखतो. तिथं नावानं आग लागती, आन् इथं माझ्या गाडीच्या कपाळावर काय लिवलंय त्यानं काहीच होत न्हाई व्हय?

आता बसा त्या टायरावर आन् ऐका, मग खरवडा. आमचा बा लिंबाजी — आबासाहेबाच्या घरचा सालगडी. आज्जा त्यांच्या बापाचा सालगडी. तिसरा मी व्हायचा, तर मिसरूड फुटायच्या आत एका ट्रकवर क्लीनर म्हणून पळालो. मग डायवर झालो. लोकाच्या गाड्या हाकल्या, लोकाच्या शिव्या खाल्ल्या, आन् एक दिवस कडूबाईला, म्हणजे आमच्या घरचीला म्हणलं, आता आपली स्वतःची गाडी. नवी कुठली घेतो — ही घेतली, नांदेडच्या एका माणसाकडून. विकताना त्यानं गाडीच्या चौफेर अगरबत्ती फिरवली. मला वाटलं पूजा करायलाय. आता कळतंय, तो तिचा दहावा घालायलता. ब्रेक चुडाव्यात दाबला तर गाडी पूर्णेला थांबती. दाराला सुतळी. एक लाईट रानात पडतो, एक आभाळात — मी एकटाच डायवर असंल ज्याला रस्ता दिसत न्हाई पण शुक्राची चांदणी चुकत न्हाई. पण माझी होती, पेंटर. माझी.

म्हणजे व्हायची होती. बँकेत गेलो, तिथला साहेब म्हणला जुन्या गाडीला आमी पैसा देत न्हाई, आन् नव्या मालकाला बी देत न्हाई. म्हणलं, मग देता तरी कोणाला? तर चपराशानं बाहेर नेऊन पाणी पाजलं. मग परभणीचा फायनान्सवाला शेठ. कापड दुकानाच्या वर बसतो, गादीवर, पाय हालवत. म्हणलं शेठ, खाली चला, गाडी बघा, इंजिन ऐका. तर म्हणला, मी गाडी बघत न्हाई, जामीनदाराची जमीन बघतो. कॅनॉलखालची पायजे, बरड चालत न्हाई. आता आमच्या ओळखीत कॅनॉलखालची जमीन कोणाची? जिच्यात माझ्या बापानं जन्मभर पाणी धरलं, तिचीच. बाला आधी पाठवलं, तो वाड्याच्या पायरीवर दिवसभर बसून राहिला. मग मी गेलो. आबासाहेब झोपाळ्यावर होते. कागद वाचला न्हाई, माझ्याकडं बघितलं बी न्हाई, पेन झटकलं आन् सही केली. ते झटकलेल्या शाईचे ठिपके माझ्या शर्टावर पडले. धुतला न्हाई तो शर्ट, अजून तसाच हाय. आन् त्या सहीच्या बदल्यात म्हणले, गाडीवर नाव आमचं लावा.

काय?

न्हाई, म्हणले की. म्हणजे — मी आल्तो तुमच्याकडं? पेढे घेऊन? बरं आसंल. नाव सांगणारं तोंड माझं होतं, पण — अक्षरं मोठी काढा, मालकाला झोपाळ्यावरून दिसली पाहिजेत, असं म्हणलो मी? तुमाला लय याद राहती, पेंटर. रंगाच्या वासानं माणसाची याद जाती म्हणतेत, तुमची कामून गेली न्हाई? हाव, नेली गाडी वाड्यापुढं, रंग ओला होता अजून. आबासाहेबानं चष्मा लावून वाचलं आन् म्हणले, हे कोणी लिहायला सांगितलं? आन् हसले. तोंडानं न्हाई सांगितलं त्यांनी, मग? सगळ्याच गोष्टी काय तोंडानं सांगाव्या लागतेत? आमच्या घरात मालकानं न सांगितलेलं आधी कळतंय. तीन पिढ्यांची सवय हाय ती, माझी एकट्याची न्हाई.

आन् मग बघा कृपा. गेल्या वैशाखात मानवतला सरकी भरायला निघालो तर रस्त्यात वऱ्हाड उभं. कोणी हात केला न्हाई, कोणी विचारलं न्हाई. नाव वाचलं आन् चढले. आबासाहेबाच्या मावसबहिणीच्या नणंदेच्या पोराचं लगीन म्हणे. वाजंत्री चढले, घोडी चढवली, आचारी कढईसकट चढला, आन् चुलीतला जाळ काय त्यानं विझवला न्हाई — खोटं वाटंल, पण लग्नाच्या गावापर्यंत मागं बुंदी पडायलती, आन् रस्त्यावरची कुत्री गोड खाऊन आमच्या मागं मागं लग्नाला आली. नवरदेव केबिनीत, माझ्या शेजारी. उतरताना माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणतो, 'डायवर, तुमचे मालक लय मोठ्या मनाचे.' मानवतच्या अडत्याची सरकी दुसऱ्या गाडीनं गेली. तवापासून तो मला भाडं देत न्हाई. म्हणतो, तुमी काय बाबा, मोठ्या घरची गाडी. कडबा म्हणू नका, विटा म्हणू नका, कोणाच्या म्हशी, कोणाचा पलंग — भाडं मागितलं की, 'आबासाहेबाशी बोलतो आमी.' आरसी बुकावर शेठचं नाव, कपाळावर आबासाहेबाचं, आन् माझं नाव कुठं? डिझेलच्या पंपावर. उधारीच्या पाटीवर.

नाक्यावर? न्हाई, नाक्यावर अडवत न्हाईत. वाचतेत आन् हात वर करतेत. कारखान्यावर उसाच्या रांगेत बी कवा कवा पुढं घेतेत, ते सोडा. हप्ते थकले तवा शेठचा माणूस गाडी ओढून न्यायला आल्ता, तो बी फळी वाचून, चहा पिऊन गेला. हाव, हाव, नावानंच गेला. तुमी कोणाच्या बाजूनं हाव, पेंटर? मला ठाव हाय काय होणार हाय ते. फळी कोरी दिसली की सांजपर्यंत परभणीला कळंल. शेठ आबासाहेबाला विचारील, आन् आबासाहेबानं 'मी आड येत न्हाई' एवढं म्हणलं की झालं. उद्या तीच गाडी दुसरा कोणी तरी हाकंल. रात्री कडूबाईनं हेच सांगितलं, तुमच्यापेक्षा नीट सांगितलं. मी म्हणलं जाऊ दे गेली तर.

कामून म्हणजे? काल चुडाव्याला गेल्तो म्हणून. आमची बहीण दिलीय तिथं, धुरपता. बा तिच्याकडं होता, त्याला आणायचं होतं. आन् खरं सांगतो, म्हातारा ह्या गाडीत एकदा बी बसला न्हाई. नारळ फोडला तवा लांबूनच हात जोडले त्यानं. म्हणलं काल बसवायचा. केबिन झाडली, सीटवर चादर टाकली — धुतलेली चादर, कडूबाईच्या पेटीतली. स्टेशनापुढं गाडी लावली, दाराची सुतळी सोडली, म्हणलं बा, बस. तो आला. आधी वर बघितलं, कपाळाकडं. त्याला वाचता येत न्हाई, अंगठा हाय तो. पण हे नाव ओळखतो. वाड्याच्या कमानीवर, पोत्यांवर, बैलांच्या झुलीवर जन्मभर बघितलंय त्यानं, हे नाव त्याला अक्षराबिगर येतंय. वर बघितलं, आन् खाली बसला. वहाणा काढल्या. एका हातात वहाणा, काखेत गठुडं, आन् मागं जाऊन चाकावर पाय देऊन चढला की गाडीत. म्हणलं बा, हे काय, पुढं ये, गाडी आपली हाय. तर म्हणतो —

'पुढं मालकाची जागा असती रे. आपलं मागंच बरं.'

मी शिव्या दिल्या. कोणाला म्हणजे, बापाला. भर स्टेशनापुढं, धुरपताच्या सासरच्या माणसांपुढं, तोंडाला आलं ते बोललो. तो गुमान बसला मोकळ्या पोत्यांवर. मग काय, आणला तसाच, उन्हात. पुढं ती चादर बसली माझ्या शेजारी, आन् बाप मागं. आरशातून बघायलतो मी. एका हातानं गाडीचा मागचा फाळका धरलेला, दुसऱ्या हातात वहाणा. पायात न्हाई, हातात. गचका बसला की फाळका सुटायचा, वहाणा सुटायच्या न्हाईत. त्या वहाणांना काय सोनं लागलं होतं? गावात गाडी थांबली, तो उतरला, वेशीपाशी गेला, गाडीकडं पाठ केली आन् मगच त्या पायात घातल्या.

आता विचारू नका परत, नावानं काय होतंय म्हणून.

नवं काय लिवायचं? मला वाटलं लिंबाजीच लिवावं. तर कडूबाई म्हणली, स्वतःच्या नावाच्या गाडीत तो मागं बी चढायचा न्हाई, चाकाखाली लपंल. खरं हाय तिचं. देवाचं नको, देवाच्या गाडीत बी तो वहाणा काढंल. कोरी ठेवा. काहीच लिवू नका. फळी कोरी असली की त्याला पुढं बसवतो, एकदा बसवतो, मग शेठ नेऊ दे गाडी न्हाईतर — उठा, घ्या पत्री. 'आ'पासून सुरू करा. जोरानं. हाव, असं. असं खरवडा, उडू द्या त्या —

थांबा. हात थांबवा, पेंटर. कारखान्याकडून ती जीप यायलीय, हिरवी. आबासाहेबाचीच हाय. पाया पडतो तुमच्या, एक शब्द बोलू नका.

रामराम मालक. न्हाई न्हाई, खराब काय न्हाई. रंग उडाला होता, उसाच्या धुळीनं. म्हणलं नाव ताजं करून घ्यावं. तो 'आ'? तो आधी साफ करावा लागतोय, मग रंग नीट बसतोय, पेंटरच म्हणला. हाव. आणखी मोठं काढतो, हाव मालक. उद्या? उद्या मला नांदेडचं भाडं — न्हाई, काही न्हाई, मोकळीच हाय गाडी. सकाळीच येतो. कडबा, हाव, आन् पाहुणे बी. म्हातारा? बरा हाय, तुमच्या कृपेनं. काल चुडाव्याहून आणला. गाडीतच. मागं, मालक. मागंच बसला. हाव. हाव, जुनी माणसं ती, लय समज असती त्यांना. या मालक. या.

गेली?

काय बघायलात? बोलावं लागतंय तसं. तुमी न्हाई का दोन्ही भिंती रंगवत? उद्याचा कडबा टाकतो, हा सीझन निघू द्या, हप्ते फिटू द्या, मग बघतो कोण — खाली काय बघायलात सारखं? काय हाय माझ्या पायात?

काय न्हाई माझ्या पायात.

कुठं हायत? त्या तिथं, चाकापाशी? मी कवा काढल्या, पेंटर? डांबर तापलंय, पाय भाजायलेत आन् मला — जीप दिसली तवा होत्या पायात. होत्या ना? तुमी बघायलता. तुमी बघितलं काढताना, आन् बोलला न्हाईत.

द्या ती पत्री इकडं. द्या म्हणलं ना. तुमच्या हातचं अक्षर तुमी नका काढू, मी काढतो. आन् तुमी जावा. पलीकडच्या हॉटेलात चहा सांगा, माझ्या नावावर — मुंजाजीच्या. आबासाहेबाच्या न्हाई, मुंजाजीच्या म्हणून सांगा. आन् घाईनं येऊ नका. थांबा, आधी वहाणा घालू द्या मला. तिकडं बघा. पायाकडं बघू नका.

जावा आता.