गुरुजींच्या वाट्याची केस

पारस : काका, हात खाली करा. आधी माझं ऐकून घ्या.

रायगोंडा : ऐकायचं काय त्यात? क्षमावणी हाय, वर्साच्या चुकांची एकमेकास्नी माफी मागायचा दिस. तू हात जोडलंस, मी जोडलं, उत्तम क्षमा म्हणलं, झालं. तुझा बाप तरी दुसरं काय करत हुता? तुझ्याकडं साताऱ्याला ऱ्हायला गेला तरी आजच्या दिवशी दरसाल हितं यायचा. ह्याच कट्ट्यावर हात जोडायचा आन जायचा.

पारस : कशाबद्दल, ते कधी बोलले?

रायगोंडा : न्हाई. म्या बी इचारलं न्हाई.

पारस : मला बोलले. जायच्या आधी, दवाखान्यात.

रायगोंडा : शेंगा फोड बसल्या बसल्या. तुझी काकी चटणी करून देणार हाय तुला.

पारस : आणीबाणीतलं बोलले, काका.

रायगोंडा : मराय टेकल्यावर माणूस कायबी बोलतंय.

पारस : तुम्हाला नुकतं मिसरूड फुटत होतं. मिलिटरीत जायचं म्हणून रोज पहाटे माळावर पळायचात. आण्णा म्हणाले, भरतीत हर्निया निघाला तर हाकलून देतात. तालुक्याला शिबिर आहे, फुकटात बारीक ऑपरेशन करून घे. सख्ख्या चुलतभावावर विश्वास ठेवून तुम्ही त्यांच्या सायकलवर मागं बसून गेलात.

रायगोंडा : म्होरं बसलो हुतो, दांडीवर. येताना मागं. येताना म्होरं बसवंना.

पारस : काका...

रायगोंडा : तुपाचा डबा दिला हुता. डालड्याचा. आई म्हणली, सरकार लय चांगलं हाय.

पारस : नसबंदी होती ती. लग्न न झालेल्या पोराची.

रायगोंडा : हळू बोल. काकी बस्तीत देवदर्शनाला गेलीया, पर भिंतीपल्याड माणसं हायत. डागदर म्हणला, ह्यो पोरगा बारका दिसतोय. तर तुझा बाप म्हणला, तीन लेकरं हायत त्याला.

पारस : तीन मुली आण्णांनाच होत्या. माझ्या तिघी बहिणी. वरून हुकूम होता, तीन मुलं झालेल्या मास्तरानं स्वतः टेबलावर झोपायचं, नाहीतर आपल्या जागी केस आणायची. केस म्हणायचे ते, माणूस नाही. पगार अडवला होता. आणि आण्णांना मुलगा हवा होता.

रायगोंडा : झाला की. तुझ्या बारशाला जेवलोय मी.

पारस : तेच सांगतोय. मी जन्मलो तो तुमच्या...

रायगोंडा : नगं सांगू. पाळण्यात बघितलं तवाच कळलं मला. गोरापान हुतास. म्या बोट दिलं तर सोडंनास.

पारस : पुढं ते सरकार पडलं. तेव्हा तरी तक्रार का नाही केलीत?

रायगोंडा : पडलं तवा गावात गुलाल उधळला. हुकूमशाही गेली म्हणत सगळ्यात म्होरं तुझा बाप नाचत हुता. मी बी नाचलो. लोकं म्हणली, आता कुणाचं भ्या न्हाई, समदं सपलं. मला बी वाटलं, सपलं. मग घरच्यांनी जतची सोयरीक आणली.

पारस : आणि तुम्ही सांगितलं नाहीत.

रायगोंडा : गावानं गडी म्हणलं असतं का मला? तुझ्या बापाला इचारलं, काय करू? म्हणला, उरकून टाक. कुणाला कळतंय?

पारस : काकींना जन्मभर वांझ म्हणाले लोक. माझ्या बायकोच्या डोहाळजेवणाला आईनं त्यांना ओटी भरू दिली नाही. सगळ्यांसमोर हातातलं ताट काढून घेतलं. आण्णा तिथंच बसले होते, पेपर वाचत. मीही होतो.

रायगोंडा : तवा तुला म्हाईत नव्हतं.

पारस : आता आहे. तुम्हाला तर पहिल्यापासून होतं.

रायगोंडा : मिरजेच्या डागदरीणबाईनं सांगितलं, बाईत कायबी दोष न्हाई, मालकाला घेऊन ये. मी म्हणलो, द्राक्षाला औषध मारायचं हाय. म्होरल्या साली बी त्येच म्हणलो. मग तिनं म्हणायचं सोडलं.

पारस : तुम्हाला राग येत नाही? आण्णांचा, माझा?

रायगोंडा : येत हुता. आता काय न्हाई. दात उपटायच्या आधी सुई देत्यात न्हवं? गालाला हात लावला तर दुसऱ्याचाच गाल वाटतोय. तसं हाय.

पारस : मला आज नाव घेऊन माफी मागायची आहे. आण्णांच्या वतीनं, माझ्या वतीनं. काकींसमोर. त्यांच्यात खोट नव्हती हे त्यांना कळू दे. तेवढा तरी त्यांचा हक्क आहे.

रायगोंडा : आन मी कुठं जाऊ?

पारस : म्हणजे?

रायगोंडा : तू वझं हितं टाकशील आन मोकळा हून साताऱ्याची गाडी धरशील. सांजच्याला मला भाकरी कोण वाढणार? तीच की. कुठल्या तोंडानं खाऊ?

पारस : म्हणून त्यांनी मरेपर्यंत हे सोसायचं?

रायगोंडा : तुझ्या बापानं केलं ते एका दिसाचं काम. मी रोज करतोय. तुला क्षमा पायजे न्हवं? मग गप ऱ्हा.

पारस : हे चूक आहे, काका.

रायगोंडा : व्हय. चूकच हाय. चपला वाजल्या, आली बघ.

विजयमाला : अगं बया, पारस! कवा आलास रं? बस्तीत साऱ्याजणी म्हणत हुत्या, गुरुजी गेलं, आता कोण येतंय? आलास बाबा, बापाचा नेम राखलास. आवं, पोराला पाणी तरी दिलंसा का?

रायगोंडा : शेंगा दिल्या.

विजयमाला : शेंगा! साताऱ्याहून आलेल्या माणसाला कामाला लावलंय बघा. तुमास्नी पावणा काय आन गडी काय, एकच. आन तुझं तोंड का असं उतरलंय? बापाची आठवण आली व्हय?

पारस : हो, काकी.

विजयमाला : येणारच की. लय चांगला माणूस. भावकीनं समद्यांनी तोंड फिरवलं, कुणी लेकराच्या अंगाला हात लावू दिला न्हाई. गुरुजी तेवढं दरसाल आलं. एकदा मला म्हणलं, विजयमाला, तुझ्यात काय खोट न्हाई. म्हणलं, खोट न्हाई तर कूस का उजवली न्हाई? तर रडायच लागलं म्हातारं. मलाच वंगाळ वाटलं, उगा कशाला बोलले.

पारस : काकी, ते...

रायगोंडा : पारस.

विजयमाला : का वराडताय त्येच्यावर? बोलू द्या की. काय रं?

पारस : काही नाही. बसा तुम्ही.

विजयमाला : बसते. आदी माझं एक ऱ्हायलंय. साऱ्या गावाला हात जोडून आले, घरचा धनी तेवढा बाकी. आवं, इकडं बघा. शेंगा ठेवा खाली.

(ती डोक्यावर पदर घेते आणि रायगोंडापुढे हात जोडते.)

विजयमाला : लेकरू देऊ शकले न्हाई तुमास्नी. घर सुनं ठेवलं. दुसरी करा म्हणून लोकांनी किती सांगितलं, तुमी केली न्हाई. त्येचं उपकार फिटायचं न्हाईत. चुकलं माझं, क्षमा करा.

रायगोंडा : केली.

विजयमाला : नुसतं केली न्हाई ओ. तुमी बी हात जोडायचं असत्यात. दरसाल शिकवायचं व्हय?

रायगोंडा : उत्तम क्षमा.

विजयमाला : तुमाला तर न मागताच हाय. आता तू, पारस. बापाच्या जागी आलायस, म्हण.

पारस : उत्तम क्षमा, काकी.

विजयमाला : आरं, रडतोस काय? तू काय केलंयस माझं?

पारस : जाणता-अजाणता... काही झालं असेल.

विजयमाला : अजाणताच असंल रं. केली, बाळा.