सरांची शिट्टी

घनसावंगीच्या फायनलचा विषय निघाला की तुम्ही अजून त्या रेफरी सरांना शिव्या घालता. आज खरं ऐका. माझा गोल त्यांनी हँडबॉल म्हणून रद्द केला, तवा आपलं वाटूरचं सगळं पब्लिक वरडलं, "सासुरवाडी घनसावंगीची हाय त्याची, आपल्याला गोल कशाला देतो!"

सरांनी जवळ येऊन हळूच विचारलं, "हात लागल्ता ना रे?"

"न्हाई सर, आईशपथ."

लागल्ता. चेंडू कोपराला घासून गेल्ता.

त्या दिवसापासून सरांनी शिट्टी हातात धरली न्हाई. परवा स्टँडवर भेटले, चहा पाजला अन् म्हणले, "तुझा गोल बराबर होता. माझीच नजर चुकली असंल."

मी म्हणलो, "जाऊ द्या सर, होतं कधी कधी."