मॅग्नेशियमची परीक्षा

अगं, सोमवारी आमच्याकडे काय झालं, ऐक! निनादनं, माझ्या मुलानं, खाऱ्या पाण्याच्या टाकीत प्रवाळं पाळली आहेत. त्यांच्यासाठी मॅग्नेशियमची नवी पूड आली.

"आई, आधी शुद्धता बघतो. हिच्यात तांब्याचा अंश असला तर सगळी प्रवाळं मरतील. साबण न लागलेलं भांडं दे."

मी देवघरातला कलश दिला, चिंचेनं लख्ख घासलेला. ऑफिसच्या ऑनलाइन मीटिंगच्या नादात त्यानं न बघताच त्यात पूड विरघळवली. तासाभरानं त्या पाण्यात तपासणीचे थेंब टाकले, तर पाणी निळं, म्हणजे तांबं आहे! लगेच दुकानदाराला फोन. "अण्णा, ये क्या भेजा?"

"फोन ठेव!" मी ओरडले. "कलशच तांब्याचा आहे!"

काचेच्या पेल्यात नवी पूड विरघळवून पुन्हा तपासलं. पाणी नितळ!

मी हात जोडले. म्हटलं, "अरे, माझ्यापेक्षा तुझ्या प्रवाळांचंच सोवळं कडक!"