गोदूआजींचं ताट

मंडळी, ऐका! आज एकच प्रश्न घेऊन उभा आहे. आजारी माणसाची सेवा म्हणजे काय हो? औषध देणं? विचारपूस करणं? — माना डोलावल्यात ना! थांबा. विचारपूस करून करून एका म्हातारीचा पाय कापायची वेळ आणली होती लोकांनी!

तालुक्याचा दवाखाना. तळमजल्यावर बायकांचा वॉर्ड. खिडकीपाशी गोदूआजी खरमाटेंची खाट. वय बहात्तर, साखरेचा आजार, पायाच्या अंगठ्याला जखम. ती काही भरेना! साखर कधी चारशे, तर कधी एकदम पन्नास. दुपार झाली की आजींना दरदरून घाम सुटायचा, हात थरथरायचे — मग पळापळ, सलाईन! की साखर पुन्हा वर. डॉक्टर हिंगमिरे हुशार माणूस, पण त्यांनाही उलगडा होईना. इंजेक्शन वेळेवर, जेवण वेळेवर. ताट चकचकीत परत यायचं, आणि कागदावर रोज लिहिलेलं — 'जेवण घेतले.' शेवटी त्यांनी आजींच्या लेकाला सांगितलं, "सोमवारपर्यंत बघू. नाहीतर पाय गुडघ्याखालून काढावा लागेल."

आणि गंमत बघा, त्या वॉर्डात तब्येत सुधारत होती फक्त एकाची. खिडकीबाहेरच्या कुत्र्याची!

गुरुवारी नवीन सिस्टर आल्या. मार्था पारधे. नाव ऐकून भुवया उंचावू नका काका, पुढं ऐका! सिस्टरनी कागद वाचला. मग खिडकीबाहेरचं कुत्रं पाहिलं. आजींना इंजेक्शन दिलं, आणि ताट आल्यावर स्टूल ओढून शेजारी बसल्या. नुसत्या बसल्या!

आजींनी ताटाला हात जोडले. एक घास. दोन घास. तिसरा उचलला, तोच डॉक्टर आले — "काय आजी, बरं वाटतंय ना?"

"व्हय लेकरा, बरं हाय."

झालं! घास खाली. ताटाला नमस्कार. डॉक्टर पुढं सरकले आणि वरणभात खिडकीतून कुत्र्यापुढं. अन्न वाया घालवू नये ना!

"आजी, ताट का सोडलंत?"

"चातुर्मास हाय बाई. चार महिने मी मुक्यानं जेवते; घरी समद्यांच्या मागनं एकलीच, म्हनून लेकालाबी ठावं न्हाई. तोंडातून शबुद गेला, की त्या येळचं जेवण संपलं."

"मग बोलता कशाला?"

"मायेनं इचारत्यात समदी. उत्तर नगं द्यायला? म्हातारीला माज आला म्हणतील की!"

बघा मंडळी! लेक विचारतोय, शेजारीण विचारतेय, डॉक्टर विचारतायत. जितकी माया जास्त, तितकी म्हातारी उपाशी! साखर उतरवायचं इंजेक्शन मात्र अंगात गेलेलं. सिस्टरनी विचारलं, "साखरपाणी चालेल?" आजी म्हणाल्या, "पान्याला बंदी न्हाई." तिथल्या तिथं पेलाभर साखरपाणी पाजलं. त्या दुपारी घाम आला नाही.

मग जखमेची पट्टी बदलता बदलता सिस्टरनी हळूच विचारलं, "कधीपासून करता हे?"

आजींनी आधी डोक्यावरचा पदर नीट केला. मग म्हणाल्या, "चाळीस वर्सं झाली. मालक जेवाया बसले हुते. मी वाढता वाढता नको ते बोलले. ते भरल्या ताटावरनं उठले आन् शेतात गेले. थितंच पान लागलं त्यास्नी. परत जेवाया आलेच न्हाईत." 

पान लागलं म्हणजे साप चावला, शहरातल्या पाहुण्यांसाठी सांगतो. मला सांगा, हे दुखणं कोणत्या तपासणीत निघणार होतं? 

सिस्टर डॉक्टरांकडे गेल्या. डॉक्टर वैतागलेच — "व्रतबित सोडायला सांगा त्यांना!" सिस्टर म्हणाल्या, "सर, पाय व्रतानं जात नाहीये. आपल्या बोलण्यानं जातोय. ते सोडू या का?" 

डॉक्टरांनी ओठांवर बोट ठेवलं! हुशार माणूस, म्हटलं ना.

दुसऱ्या दिवसापासून नवा रिवाज. ताट आलं, की खाटेच्या दांडीवर हिरवा रुमाल. रुमाल असेपर्यंत आजींशी कोणी बोलायचं नाही! ताट समोर आल्याशिवाय इंजेक्शन नाही. डॉक्टर आले, की हाताच्या खुणेनं विचारायचे, आजी मान हलवायच्या. शेजारच्या खाटेवरची, जिची बडबड भिंतींनाही पाठ झालेली, तीसुद्धा तोंडावर पदर धरून बसायची!

सोमवारी साखर दीडशे. अंगठा गेला मंडळी, खोटं कशाला सांगू? पण पाय राहिला. महिन्याभरात आजी काठी टेकत घरी गेल्या. कुत्रं तेवढं वाळलं.

हसलात! आता तुमच्याकडे वळतो. गावाकडे आईला रोज फोन करता ना? "आई, जेवलीस का?" ती म्हणते, "जेवले." तुम्ही फोन ठेवता. म्हणजे लिहिलंतच की कागदावर — 'जेवण घेतले'! ताट पाहिलंत? माझी आई वारली, तेव्हा तिच्या उशाखाली भाकरीचे वाळके तुकडे सापडले. तिला दाढांनी चावता येत नव्हतं. आणि मी गावोगाव सेवेवर कीर्तनं करत होतो!

आता प्रसादाची पंगत बसेल. आपल्या घरातल्या म्हाताऱ्या माणसाशेजारी बसा. काही विचारू नका. त्याचं होईपर्यंत उठू नका. 

शेवटी जयजयकार करायची रीत आहे. आज तोही नको. हात जोडा, आणि मुक्यानं ताटावर चला.