सळई गार हाय

मंडळी, राम राम. कोळशाच्या यार्डातली सगळी आलीत, गावची माणसं आलीत. समोर मारोतीकाकांच्या गयाकाकू बसल्यात. मला म्हणले, इठ्ठल, तू काकांच्या हाताखाली होतास, दोन शब्द बोल. मी लोडर चालवणारा माणूस. मला बोलता येत न्हाई. आन काका गेल्यापासून तर काहीच कळंना. रडू बी येईना. जेव म्हणलं की जेवतो, झोप म्हणलं की पडतो.

मारोतीकाका आपल्या कारखान्याच्या कोळशाचे राखणदार. उसाचा हंगाम संपला की बॉयलर बंद, उरलेला ढीग तसाच पडून. बाहेरच्याला वाटतं, काडी लावल्याबिगर कोळसा कसा पेटंल? काका म्हणायचे, "ह्याला काडी लागत न्हाई बाबा. हवा शिरली की आतल्या आत तापतो. वरून पाणी मारू नको. वर पापडी धरती, आत जळून पोकळ होतंय."

रोज सकाळी काका ढिगात लोखंडी सळई खुपसायचे. चहा होईस्तोर तशीच ठेवायचे. मग उपसून तळहातावर धरायचे. चटका बसला की म्हणायचे, "काढ रे लोडर, पसरव." मला लई कंटाळा यायचा. दिवसभर उपसा, पसरा, गार झालं की पुन्हा दाबा. मी म्हणायचो, "काका, तुमचा हातच नाजूक झालाय." ते हसायचे. "हाव, म्हातारा झालो ना."

आन खरं सांगू? ढिगाची एक बाजू कोमट लागली की आपण तिथं डबे ठेवायचो. काकांना सांगायचो न्हाई. सांगितलं की ते पसरायला लावायचे. इथल्या कितीजणांनी ती गरम भाकर खाल्ली? मी खाल्ली.

आता जिकडंतिकडं एकच ऐकून राहिलो. म्हातारा न बघता ढिगावर चढला. त्याचीच चूक. कागदावर बी तेच चढवलंय म्हणतात.

मंडळी, काका न बघता चढले न्हाईत.

काका दोन दिवस लेकीकडं अर्धापूरला गेले होते. जाताना सळई माझ्या हातात दिली. "तेवढं बघ रे." पहिल्या दिवशी मी बघितलीच न्हाई. दुसऱ्या दिवशी उपसली, तर हातातून पडली. एवढी गरम. लोडर काढायचं जिवावर आलं. पाईप घेतला, वरून पाणी मारलं. वाफ आली. मग बंद झाली. मला वाटलं, विझलं.

सकाळी काका आले. लेकीनं केळी दिली होती, त्यातलं एक मला दिलं. विचारलं, "सळई बघितली का?"

मी म्हणलो, "बघितली काका. गार हाय."

त्यांनी पुन्हा बघितलं न्हाई. का बघतील? मी सांगितलं होतं ना. वरची ताडपत्री वाऱ्यानं सरकली होती, ती ओढायला चढले. पापडी फुटली. पुढचं काकूंसमोर सांगत न्हाई. केळं माझ्या हातात अर्धंच होतं.

काकू, काकांची चूक न्हाई. सळई गरम होती. मी खोटं बोललो. साहेबांना बी आजच लिहून देणार हाय.

आता सगळे उभे राहा. काकांसाठी दोन मिनिटं गप राहू. माना खाली घाला, डोळे मिटा.

काकू, तुम्ही नका मिटू. तुम्ही माझ्याकडं बघा.